टोमाश गोलोब: कुंपणालगतची वाट

स्पीडवेच्या मोटारसायकलला ब्रेक नसतो. 500 सीसीचं इंजिन, इंधन मेथनॉल, गिअर एकच. चौघं स्वार चार फेऱ्या मारतात. साधारण मिनिटभरात शर्यत संपते. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं, डाव्या बुटाखालचा पोलादी तळ मातीला टेकवायचा आणि हँडल उलटं वळवून गाडी आडवीच पुढे काढायची. आतल्या कडेने अंतर कमी पडतं, म्हणून बहुतेकांची ओढ तिकडे. पोलंडमधल्या बिदगोश्चच्या टोमाश गोलोबने नाव कमावलं ते बाहेरच्या कुंपणालगत. चाकांनी उडालेली माती तिथे साचते, पकड मिळते, वेग न मोडता वळण घेता येतं. हात जरा चुकला की मात्र थेट कुंपणावरच. ज्याने त्याला बिदगोश्चच्या ट्रॅकवर मागून येऊन एकेकाला असं बाहेरून गाठताना पाहिलं, त्याला पदकांचा हिशेब फारसा लागत नाही.

1995 मध्ये स्पीडवेचा जगज्जेता ठरवणारी ग्रां प्री मालिका सुरू झाली. पहिलीच फेरी पोलंडमध्येच, व्रोत्सवाफला होती आणि ती गोलोबने जिंकली. येझी श्चाकिएल 1973 मध्ये जगज्जेता झाला होता. त्यानंतर पोलंडच्या वाट्याला ते पद आलं नव्हतं. साऱ्या देशाची आस गोलोबवर येऊन ठेपली.

1999 मध्ये ते पद अगदी हाताशी होतं. मालिकेत तो आघाडीवर होता. अखेरची फेरी तोंडावर आली असताना देशातल्याच एका स्पर्धेत, व्रोत्सवाफला, त्याला भीषण अपघात झाला. दुखापत अंगावर घेऊनच तो डेन्मार्कला वोयन्समध्ये उतरला, आणि विजेतेपद स्वीडनच्या टोनी रिकार्डसनकडे गेलं; गोलोबच्या हाती रौप्य उरलं. मला त्याची खरी उंची या रौप्यपदकात दिसते. असा घास हिरावल्यावर पुढे दहा वर्षं त्याच ईर्षेने उतरत राहणं फार थोड्यांना जमतं.

मध्ये 2007 साली वडील चालवत असलेलं छोटं विमान कोसळलं. त्यातूनही तो वाचला. अखेर 2010 मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, इटलीतल्या तेरेंझानोत एक फेरी बाकी असतानाच तो जगज्जेता झाला.

एप्रिल 2017 मध्ये हेउम्नोला मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर पडून त्याच्या मणक्याला इजा झाली आणि पाय निकामी झाले. पोलंडचाच तरुण स्वार बार्तोश झ्मार्झलिक तोवर पुढे आला होता. गोझूफच्या संघात पोरवयात तो गोलोबच्या शेजारी गाडी सज्ज करायचा. 2019 पासून त्याने जगज्जेतेपदांची रांगच लावली. कुंपणालगतून मुसंडी मारायला तोही कचरत नाही.