चक्कर, न्यून रक्तदाब व न्यून रक्तशर्करा : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

चक्कर हा स्वतंत्र रोग नसून शरीरातील एखाद्या बिघाडाचे लक्षण होय. मराठवाड्याच्या बोलीत या लक्षणाला चक्कर, घेरी, भोवळ, अंधारी अशी अनेक नावे आहेत. परंतु त्यावरील उपाय मात्र बहुधा ठरलेले दिसतात. 'बीपी लो झाला' असे म्हणून मीठ-लिंबाचे पाणी दिले जाते, 'शुगर कमी झाली' असे म्हणून साखर खाऊ घातली जाते आणि एवढ्याने भागले नाही तर 'एक सलाईन' लावून घेतली जाते. हे उपाय मुळात चुकीचे नाहीत. मात्र कारण न ओळखता केलेला योग्य उपायही निरुपयोगी, प्रसंगी घातक ठरतो. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील कडक उन्हाळा, शेतमजुरीचे कष्ट, उपवासांची परंपरा आणि मधुमेह व उच्च रक्तदाबाच्या औषधांचा वाढता वापर लक्षात घेता हा विषय प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा आहे.

उद्दिष्टे :

१) न्यून रक्तदाब व न्यून रक्तशर्करा यांमुळे येणाऱ्या चक्करेतील भेद स्पष्ट करणे.
२) नांदेड व लातूर परिसरातील पोषक परिस्थितीचा विचार करणे.
३) तातडीचे उपाय व प्रतिबंध यांची मांडणी करणे.

न्यून रक्तदाब : स्वरूप व कारणे

सामान्यतः रक्तदाब ९०/६० मिमी पाऱ्यापेक्षा खाली गेल्यास त्यास न्यून रक्तदाब म्हणतात. तथापि केवळ आकड्यावरून रोग ठरत नाही. अनेक निरोगी स्त्रियांचा रक्तदाब कायमच ९०-१०० च्या आसपास असतो व त्यांना कोणताही त्रास नसतो. याउलट नेहमी १६० असणारा दाब अकस्मात ११० वर आल्यास त्या व्यक्तीस घेरी येऊ शकते.

मनुष्य उभा राहतो तेव्हा सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त गुरुत्वाकर्षणामुळे पोट व पाय यांकडे उतरते. निरोगी शरीरात रक्तवाहिन्या तत्काळ आकुंचन पावतात, हृदयाची गती वाढते आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकून राहतो. ही यंत्रणा अपुरी पडली की डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा दाब १० मिमी पाऱ्याने घटल्यास त्यास 'स्थितिजन्य न्यून रक्तदाब' असे संबोधले जाते. शरीरातील पाणी घटणे, जुलाब-उलट्या, रक्तस्राव, दीर्घकालीन मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानी, तसेच लघवी वाढविणाऱ्या व प्रोस्टेटवरील काही गोळ्या ही त्याची प्रमुख कारणे होत. पहाटे लघवीसाठी घाईने उठणाऱ्या वृद्धाचे पडणे व त्यात खुब्याचे हाड मोडणे यामागे अनेकदा हेच कारण असते.

न्यून रक्तशर्करा : स्वरूप व कारणे

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के ऊर्जा तो वापरतो आणि त्यासाठी मुख्यतः ग्लुकोजवर अवलंबून असतो. मधुमेही व्यक्तीत रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमपेक्षा (प्रति डेसिलिटर) कमी झाल्यास सावध व्हावे लागते. ५४ पेक्षा कमी झाल्यास मेंदूच्या कार्यावर परिणाम होऊ लागतो. प्रथम घाम, थरथर, धडधड व तीव्र भूक जाणवते. पुढे गोंधळ, चिडचिड, बोलण्यात अडखळणे, झटके व बेशुद्धी अशी अवस्था येऊ शकते. काही हृदयविकारांवरील व रक्तदाबावरील गोळ्यांमुळे थरथर व धडधड ही लक्षणे झाकली जातात; घाम मात्र येतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उपाशीपोटी आलेली प्रत्येक चक्कर 'शुगर कमी' झाल्याने येत नाही. निरोगी माणसाचे यकृत साठवलेली शर्करा रक्तात सोडत राहते व साठा संपत आल्यावर नवी तयार करते. म्हणून मधुमेहाची औषधे न घेणाऱ्यांत खरी न्यून रक्तशर्करा तुलनेने दुर्मीळ असते. अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये मांडलेली त्रिसूत्री आजही प्रमाण मानली जाते : लक्षणे असणे, त्याच वेळी शर्करा कमी आढळणे आणि शर्करा वाढताच लक्षणे नाहीशी होणे. इन्शुलिन तसेच ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेऊन जेवण टाळणे हे मुख्य कारण होय. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका अत्यल्प असतो. उपाशीपोटी मद्यपान केल्यास यकृताची नवी शर्करा निर्माण करण्याची क्रिया मंदावते. अशा व्यक्तीस 'पिऊन पडला आहे' असे समजून सोडून दिल्यास तिचा जीव जाऊ शकतो.

नांदेड व लातूर जिल्ह्यांचा संदर्भ :

(अ) उष्मा व पाणी : एप्रिल-मे महिन्यांत या दोन्ही जिल्ह्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना सर्वश्रुत आहे. पाणी दुर्मीळ असते तेव्हा पिण्याच्या पाण्यातही काटकसर होते. शेतात आडोसा नसल्यामुळे अनेक मजूर स्त्रिया दिवसभर पाणी पिणेच टाळतात. घामावाटे पाणी व क्षार जातात, उष्णतेने त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सोयाबीन काढणी, खुरपणी अशा वाकून करण्याच्या कामानंतर एकदम उभे राहताच घेरी येते.

(आ) रक्तक्षय : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षयाची चक्कर मीठ-पाण्याने किंवा साखरेने हटत नाही. तिच्यासाठी हिमोग्लोबिनची तपासणी व लोहाच्या गोळ्या हाच मार्ग आहे.

(इ) उपवास : एकादशी, हरतालिका, नवरात्र तसेच रमजानचे रोजे या भागात श्रद्धेने पाळले जातात. मधुमेही व्यक्तीने नेहमीच्या मात्रेत गोळी वा इन्शुलिन घेऊन निरंकार उपवास करणे धोक्याचे होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे एकादशीच्या फराळातून सुमारे २ हजार भाविकांना विषबाधा झाल्याचे वृत्त आले होते. अशा उलट्या-जुलाबांत शरीरातील पाणी झपाट्याने घटून रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो.

(ई) विद्यार्थी : 'लातूर पॅटर्न'मुळे दूरदूरचे विद्यार्थी लातूर व नांदेड येथे खोली करून राहतात. अपुरी झोप, न्याहारी टाळणे, कमी पाणी पिणे व दीर्घकाळ उभे राहणे यांमुळे त्यांना येणारी भोवळ बहुधा रक्तदाब क्षणिक घटल्याने येते. आडवे केल्यावर ती लवकर ओसरते. परंतु वारंवार आल्यास तपासणी आवश्यक आहे.

भेद कसा ओळखावा?

उठताना किंवा उभे असताना आलेली व आडवे होताच थांबणारी चक्कर रक्तदाबाकडे निर्देश करते. बसलेले वा झोपलेले असतानाही घाम, थरथर, भूक व गोंधळ आढळल्यास आणि रुग्ण मधुमेहाची औषधे घेत असल्यास रक्तशर्करेचा संशय घ्यावा. कूस बदलताच घर गरगर फिरल्यासारखे वाटत असेल तर दोष बहुधा कानाच्या अंतर्भागात असतो. ग्लुकोमीटर हाताशी असल्यास तपासणी करावी. नसल्यास मधुमेही रुग्णास साखर देऊन मोकळे व्हावे. शर्करा जास्त असली तरी ३ चमचे साखरेने तत्काळ मोठी हानी होत नाही. ती कमी असताना केलेली दिरंगाई मात्र महागात पडते.

तातडीचे उपाय :

१) रक्तदाब घटल्यास रुग्णास सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, शुद्धीवर असल्यास पाणी वा ओआरएस घोटघोट द्यावे. अंधारी येण्याची चाहूल लागताच खाली बसावे; ते शक्य नसल्यास पायांची आढी घालून मांड्या आवळाव्यात, मुठी घट्ट वळाव्यात. स्नायूंच्या दाबाने रक्त हृदयाकडे परतते.

२) रक्तशर्करा घटल्यास ग्लुकोज पावडर किंवा साखर ३ चमचे (सुमारे १५ ग्रॅम) पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ७० च्या वर न आल्यास पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी, पोळी वा भात असे अन्न द्यावे. उपवास असल्यास तो सोडावा.

३) बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी, साखर वा अन्य काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. तिला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

४) वरील मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. साखर दिल्यावर बरा वाटणारा वृद्ध रुग्ण काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून त्यास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे श्रेयस्कर.

सलाईनविषयी :

५०० मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते, तर ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चमचे ग्लुकोज असते. जो रुग्ण तोंडाने पिऊ शकतो त्यास ओआरएसच्या पाकिटातून पाणी, क्षार व शर्करा अल्प खर्चात मिळतात. उलट्या न थांबणे, बेशुद्धी वा रक्तदाब अतिशय खालावणे अशा प्रसंगी सलाईन प्राणरक्षक ठरते. परंतु थकवा घालविण्यासाठी दिवसाची मजुरी त्यावर खर्च करणे अनाठायी होय. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णास ती अपायकारकही ठरू शकते.

प्रतिबंध :

१) झोपेतून उठताना प्रथम कडेवर बसून एक-दोन मिनिटे थांबावे व मगच उभे राहावे.
२) उन्हात काम करताना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी वा ताक घ्यावे, शक्य तेथे कामाची वेळ सकाळ-संध्याकाळ ठेवावी.
३) उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने चक्कर येते म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये वा मीठ वाढवू नये; बसून व उभे राहून दोन्ही प्रकारे रक्तदाब मोजून घ्यावा.
४) मधुमेही व्यक्तीने उपवासापूर्वी औषधांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी व खिशात साखरेची पुडी बाळगावी.
५) छातीत दुखणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूची शक्ती जाणे, काळे शौच होणे किंवा गरोदरपणी रक्तस्राव यांसह चक्कर आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. नांदेडजवळील विष्णुपुरी व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत उपचारांची सोय आहे.

समारोप :

चक्कर ही शरीराने दिलेली सूचना आहे. ती पाण्याच्या कमतरतेची आहे, शर्करेची आहे, रक्तक्षयाची आहे की औषधाच्या मात्रेची, हे ओळखल्याखेरीज उपाय करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. चक्कर केव्हा आली, त्या वेळी माणूस कोणत्या स्थितीत होता, काय खाल्ले-प्यायले होते आणि कोणती गोळी घेतली होती, हे चार प्रश्न घरातील प्रत्येकाने विचारायला शिकले तर अनेक अपघात टळतील. शेतात पिण्याचे पाणी व स्त्रियांसाठी आडोसा, महाविद्यालयांतून प्रथमोपचाराचे शिक्षण आणि आशा कार्यकर्त्यांमार्फत मधुमेही कुटुंबांचे प्रबोधन या तीन गोष्टींची जोड त्यास मिळणे अगत्याचे आहे.