संगणकाशी रेडिओची ओळख

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव भागातील घराघरांतून त्या पहाटेच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. सुमारे दहा हजार माणसे त्यात दगावली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. मोबाइल फोन आपल्या देशात अजून यायचे होते. अशा वेळी भूकंपग्रस्त भागातले निरोप पोचविण्याच्या कामी हौशी रेडिओचालक आपले संच घेऊन धावून आले होते.

संकटाच्या वेळी हवा तो संच मिळत नाही. हाती लागेल त्यावर काम भागवावे लागते. आज असा संच म्हणजे पुष्कळदा एक संगणक आणि त्याला जोडलेले अंगठ्याएवढे ग्राहक यंत्र असते. पण ते यंत्र त्या संगणकावरील रेडिओच्या आज्ञावलीला ओळखताच आले नाही तर? दोन्ही धडधाकट असूनही उपयोग शून्य! ही ओळख कशी करून द्यायची, ते आज पाहू.

प्रथम जुना रेडिओ आठवा. त्याच्या पेटीत एरियलने पकडलेल्या लहरींतून हवे ते केंद्र निवडणारे मंडल असते, विवर्धक असतो आणि लहरींवर स्वार झालेला आवाज वेगळा काढणारा शोधक असतो. ही सारी कामे तारांच्या वेटोळ्यांनी, धारित्रांनी आणि ट्रान्झिस्टरांनी कायमची ठरवून टाकलेली असतात. म्हणून मध्यम लहरींच्या साध्या रेडिओवर एफएम केंद्र लागत नाही.

नव्या पद्धतीत यंत्राकडे थोडेच काम ठेवतात. त्याने लहर पकडायची, तिची वारंवारता खाली आणायची आणि ठरावीक वेळाने तिची उंची मोजून ते आकडे संगणकाकडे धाडायचे. केंद्र निवडणे, आवाज वेगळा काढणे ही उरलेली कामे संगणकातील आज्ञावली गणित करून पार पाडते. यालाच सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, थोडक्यात एसडीआर, म्हणतात. अशी यंत्रे पूर्वी महाग होती. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनविलेल्या एका स्वस्त तुकड्यातील आरटीएल २८३२ यू ही चिप असे कच्चे आकडे देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी दाखवून दिले आणि हा छंद विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला.

हे यंत्र प्रत्येक वेळी एक नव्हे, दोन आकडे पाठविते. ते का? माळेगावच्या यात्रेतला रहाटपाळणा डोळ्यांपुढे आणा. रात्रीची वेळ आहे आणि त्याच्या एकाच पाळण्यात दिवा आहे. तुम्ही बरोबर बाजूला, चाकाच्या कडेच्या रेषेत उभे राहिलात, तर दिवा फक्त वरखाली होताना दिसेल; चाक कोणत्या दिशेने फिरते ते कळणार नाही. समोर येऊन दिव्याची उंची आणि त्याचे डावी-उजवीकडचे स्थान दोन्ही मोजा, की दिशा लगेच कळते. लहरीचेही तसेच आहे. दोन आकडे असले म्हणजे एखादे केंद्र मधल्या वारंवारतेच्या वर आहे की खाली, हे आज्ञावलीला सांगता येते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आज्ञावली आणि यंत्र यांच्यामध्ये एक छोटी आज्ञावली दुभाष्याचे काम करते. तिला 'ड्रायव्हर' म्हणतात. नव्या यंत्राला आधार द्यायचा म्हणजे हा दुभाष्या लिहायचा. त्याला मुख्यतः चार गोष्टी साधाव्या लागतात: यंत्राला वारंवारता सांगणे, सेकंदाला किती नमुने घ्यायचे ते सांगणे, विवर्धन कमीजास्त करणे आणि येणारा आकड्यांचा ओघ न तुटता आज्ञावलीच्या हाती देणे.

चारही गोष्टी सोप्या वाटतात. पण खाचखळगे तपशिलात असतात. आकड्यांचेच पाहा. वर सांगितलेले स्वस्त यंत्र प्रत्येक मोजमाप ० ते २५५ या आकड्यांत देते. त्याचे शून्य १२७ आणि १२८ यांच्या मधोमध असते. दुसरे एखादे यंत्र −३२७६८ ते +३२७६७ असे आकडे देते. आज्ञावलीला मात्र बहुधा −१ ते +१ या मर्यादेतील संख्या हव्या असतात. म्हणून पहिल्या यंत्राच्या दुभाष्याने प्रत्येक आकड्यातून १२७.५ वजा करून बाकीला १२७.५ ने भागावे. २५५ चे +१ होतात, ० चे −१ होतात आणि २०० चे सुमारे ०.५७.

हा नियम चुकला तर काय होते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एकदा मी हे आकडे चिन्हांकित समजून वाचले. त्या पद्धतीत १२७ हे +१२७ च राहतात, पण १२८ चे −१२८ होतात! सिग्नल मंद असला की आकडे १२६, १२७, १२८, १२९ असे मध्याजवळच घुटमळत असतात. माझ्या आज्ञावलीला ते +१२६, +१२७, −१२८, −१२७ असे दिसले. बारीक तरंगाचा डोंगर झाला आणि गाण्याऐवजी नुसता खरखराट ऐकू आला. दोन दिवस मी एरियलला दोष देत होतो. चूक एका ओळीत होती.

दुसरा खळगा नमुन्यांच्या संख्येचा. समजा, यंत्र १०१ मेगाहर्ट्झवर लावले आणि सेकंदाला २४ लाख नमुने घ्यायला सांगितले. मग ९९.८ ते १०२.२ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा एकदम दिसतो. आकाशवाणी नांदेडचे १०१.१ मेगाहर्ट्झचे केंद्र मध्यापासून १ लाख हर्ट्झ वर असते. आता समजा, यंत्राला ती संख्या मानवली नाही, ते २० लाख नमुनेच पाठवू लागले आणि दुभाष्याने ही गोष्ट आज्ञावलीला कळविलीच नाही. आज्ञावली सगळी गणिते २४ लाख धरून करील. केंद्र १०१.१२ वर दिसेल, आवाज सहा-पंचमांश पट उंच होईल आणि आकडे पुरेनात म्हणून मध्येमध्ये तुटेल. यावरून नियम असा: यंत्राला काय सांगितले ते पुरेसे नाही, त्याने प्रत्यक्षात काय मान्य केले ते विचारून घ्यावे.

विवर्धनाची तऱ्हा आणखी वेगळी. एका यंत्रात एकच बटण, तर दुसऱ्यात तीन टप्प्यांची तीन बटणे. म्हणून 'तुला काय काय येते?' हा प्रश्न आज्ञावलीने आधी विचारावा आणि उत्तराप्रमाणे पडद्यावर बटणे मांडावीत.

आता थोडे अंकगणित करू. समजा, रेडिओच्या पाच आज्ञावली आहेत आणि सहा प्रकारची यंत्रे आहेत. प्रत्येक जोडीसाठी निराळा दुभाष्या लिहायचा तर ५ × ६ = ३० दुभाषे लागतील. पण मध्ये सर्वांनी मान्य केलेली एक भाषा ठेवली, तर प्रत्येकाने तेवढीच शिकायची; म्हणजे ५ + ६ = ११ जोडण्या पुरेत. सातवे यंत्र आले तर आणखी एक जोडणी केली की ते पाचही आज्ञावलींना चालते. 'सोपी एसडीआर' हा असाच एक खुला मधला थर आहे. नाव इंग्रजी असले तरी मराठी कानाला ते अर्थासकट पटते!

मोठ्या कामांतही हेच तत्त्व दिसते. जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. पूर्वी हे काम त्यासाठीच घडविलेली यंत्रणा करीत असे. २०१० च्या सुमारास ते संगणकांच्या समूहावरील आज्ञावलीकडे सोपविले गेले. तबकड्या त्याच राहिल्या; बदलले ते गणित करण्याचे साधन.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. नोआ मालिकेतील जुने हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास ढगांची चित्रे पाठवीत आणि हौशी मंडळी ती घरी उतरवून घेत. २०२५ साली त्यांतील अखेरचे उपग्रहही बंद करण्यात आले. जुन्या तऱ्हेचा, फक्त तेवढ्याच कामाचा ग्राहक आता निकामी झाला. पण एसडीआर असणाऱ्यांनी आज्ञावली बदलली आणि त्याच पट्ट्यात रशियाच्या मेटिऑर उपग्रहांची अंकीय चित्रे त्याच यंत्रावर घेता येऊ लागली.

शिक्षकांना एक सूचना. यंत्र नसले तरी हा पाठ फळ्यावर शिकविता येतो. १२५ ते १३० हे आकडे लिहून मुलांना ते दोन्ही पद्धतींनी वाचायला लावा आणि दोन आलेख काढायला सांगा. चूक कुठे झाली ते आलेखच सांगतील. यंत्र असेल तर आपल्या गावचे एफएम केंद्र लावून सुरुवात करा. मात्र प्रक्षेपणाला परवाना लागतो आणि दुसऱ्यांचे खाजगी संदेश ऐकू नयेत, हेही मुलांना सांगा. हौशी रेडिओचालकाचा परवाना वयाच्या बाराव्या वर्षापासून परीक्षा देऊन मिळविता येतो.

मित्रांनो, दुभाष्या लिहिणाऱ्याचे नाव पडद्यावर सहसा दिसत नाही. पण एखाद्या अवघड रात्री कुणाच्या तरी कपाटातले जुने यंत्र बाहेर येईल, समोर असेल त्या संगणकाला जोडले जाईल आणि लगेच बोलू लागेल. तेव्हा ते श्रम कामी आलेले असतील.