भीमाशंकरच्या दगडात नेचं कुठून आलं?

गेल्या आठवड्यात आपल्या एका श्रोत्या मुलीचा मेसेज आला. भीमाशंकरहून परत येताना घोडेगावच्या पुढे चहाला थांबली, तर रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात एक दगड सापडला. सपाट बाजूवर काळं, नाजूक, हुबेहूब नेच्याचं पान! तिचा प्रश्न: "कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं जीवाश्म म्हणून लावू का? सोमवारी जमा करायचंय."

खरं सांगतो, फोटो बघून पहिल्यांदा मीही फसलो. मग झूम केलं.

ते पान नाही. त्याला डेंड्राइट म्हणतात. दगडाच्या बारीक भेगेत पाणी झिरपतं, त्यात मँगनीज आणि लोह विरघळलेलं असतं. ते भेगेच्या पृष्ठभागावर साचत जातं आणि साचताना त्याला फांद्या फुटतात. लहानपणी दोन कागदांत ओला रंग दाबून कागद हळूच सोडवले की झाडासारखी नक्षी उमटायची, आठवतंय? दिसायला तसंच. इथे झाडाचा काही संबंध नाही. गारगोटी आणि अकीकात तर हे आतपर्यंत पसरतं आणि दगडात शेवाळ अडकल्यासारखं वाटतं.

मग ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरपा धरा. पानाच्या ठशाला बहुधा थोडा उंचसखलपणा असतो, सावली पडते. डेंड्राइट म्हणजे नुसता रंगाचा थर. मग शिरा शोधा. पानाला मधली शीर असते, तिच्यातून ठरावीक पद्धतीने उपशिरा निघतात, कडा असते, देठ असतो. डेंड्राइटच्या फांद्या वाटेल तशा फुटतात आणि बऱ्याचदा सगळ्या एकाच भेगेच्या रेषेवरून उगवलेल्या दिसतात. तिच्या फोटोत अगदी असंच होतं.

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे दगड कुठला! जुन्नर-आंबेगावचा कातळ म्हणजे बेसाल्ट, गोठलेला लाव्हा. हजार अंशांहून जास्त तापलेल्या रसात पान टिकेल का? जीवाश्म मिळायचं तर दोन लाव्हांच्या मध्ये तळं साचून गाळ बसायला हवा. आपल्या घाटात दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल पट्टा दिसतो, ती गाडली गेलेली जुनी माती. पण पानं-फळं जपणारा तळ्यातला गाळ इकडे क्वचितच.

तो पूर्वेकडे आहे. नागपूरजवळच्या सीमेपलीकडे, छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलाँ नावाचं गाव आहे. तिथल्या गाळाच्या दगडात सिलिका इतकी बारीक झिरपली की वनस्पतींच्या पेशीसुद्धा दगडात जशाच्या तशा राहिल्या. बिरबल साहनींनी तिथल्या एका फळाचा अभ्यास केला. दगडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तरी ते आजच्या कुठल्या झाडाशी जुळेना. म्हणून नावच ठेवलं एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोड्यात टाकणारं फळ! (मला हे नाव फार आवडतं. केवढा प्रामाणिकपणा.) पुढे ते मेंदीच्या कुळातलं असावं असं मत पुढे आलं. अख्खे खोड बघायचे असतील तर गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला जा. ती झाडं आपल्या लाव्हाच्याही कितीतरी आधीची आहेत.

एक गोष्ट लक्षात ठेवा. भीमाशंकर अभयारण्य आहे, आतला दगड उचलायचा नाही, फोडायचा तर अजिबात नाही. फोटो काढा, शेजारी दहाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. जागेचं लोकेशन आणि आजूबाजूच्या कातळाचा एक लांबून फोटोही घ्या. नुसत्या क्लोजअपवरून भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनाही सांगता येत नाही.

तिला मी हे सगळं पाठवलं. एक मिनिट शांतता. मग रडका इमोजी. रात्री अकराला दुसरा मेसेज: "टायटल बदललं. 'जीवाश्म वाटणारा दगड'. आता सर विचारतील मँगनीज आलं कुठून, ते सांगा ना."

बेसाल्टमध्येच थोडं असतं गं. दगड झिजला की पाण्यात उतरतं.