मूळ संघाकडे पुनरागमन (क्रीडा)

नामवंत खेळाडू ज्या संघातून पुढे आला, त्याच संघाकडून कारकिर्दीच्या उत्तरार्धात पुन्हा खेळू लागणे म्हणजे मूळ संघाकडे पुनरागमन होय. अमेरिकन बेसबॉलमध्ये ते नव्या कराराने होते. केन ग्रिफी ज्युनियर १९८९ ते १९९९ या काळात सिॲटल मरिनर्सकडून खेळले. अन्य संघांत नऊ हंगाम घालवून ते २००९ मध्ये तेथे परतले आणि २०१० मध्ये निवृत्त झाले. भारतीय क्रिकेटमध्ये राष्ट्रीय संघातील खेळाडू बहुधा रणजी संघ बदलत नाही. आंतरराष्ट्रीय वेळापत्रकामुळे तो त्यापासून केवळ दूर राहतो.

मुंबईतील उदाहरणे

सचिन तेंडुलकर यांनी डिसेंबर १९८८ मध्ये, १५ वर्षांचे असताना, गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात नाबाद १०० धावा केल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये लाहली (हरयाणा) येथील अखेरच्या रणजी सामन्यात ते पहिल्या डावात ५ धावांवर बाद झाले. दुसऱ्या डावातील त्यांच्या नाबाद ७९ धावांमुळे मुंबईने चार गडी राखून विजय मिळवला. भारतीय संघाबाहेर गेलेले अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने मार्च २०२४ मध्ये ४२वे रणजी विजेतेपद पटकावले.

मर्यादा

पुनरागमन यशस्वी होतेच असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा नऊ वर्षांहून अधिक काळानंतर मुंबईकडून रणजी सामना खेळले. त्यांनी ३ व २८ धावा केल्या आणि जम्मू-काश्मीरने तो सामना पाच गडी राखून जिंकला. अशा खेळाडूंच्या अनुभवाचा संघाला लाभ होतो. मात्र अकरा जणांच्या संघात त्यांच्यासाठी एखाद्या तरुण खेळाडूला जागा सोडावी लागते.