सूर मेमरीत, गोडवा मेंदूत

संगणकावर गाणी ऐकणाऱ्या रसिकांमध्ये एक समज पक्का आहे. गाणे हार्ड डिस्कवरून वाजवण्याऐवजी आधी पूर्णपणे संगणकाच्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये भरून घेतले आणि मग वाजवले, तर आवाज अधिक स्वच्छ येतो. तानपुऱ्याची जवारी खुलते, तबल्याचे बोल सुटे होतात, गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो, असे सांगितले जाते. गाणी वाजवणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयही असते. या समजापायी कोणी जादा रॅम घेतो, कोणी खास वायरी, तर कोणी महागडा वीजपुरवठा. हा फरक कानाला कळतो की मनाला, हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता नाही. वैद्यकशास्त्राला तो फार जुना परिचयाचा आहे.

बफर म्हणजे गच्चीवरची टाकी

मांजरीतल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणावी. टँकर सकाळी येवो की दुपारी, टाकीत पाणी असेल तर नळाला सारखीच धार लागते. बफरचे काम नेमके हेच. सीडीच्या दर्जाच्या संगीतात डाव्या आणि उजव्या बाजूसाठी प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० आकडे नोंदलेले असतात. प्रत्येक आकडा १६ बिटचा. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट होतात. डिस्क ही माहिती संथ धारेने देत नाही, झटक्याझटक्याने देते. ती आधी मेमरीत साठते आणि तेथून ठरलेल्या गतीने ‘डॅक’कडे जाते. डॅक म्हणजे आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारा भाग. या लहरीवर पुढे स्पीकर किंवा हेडफोन चालतो.

टाकी रिकामी झाली की नळ फुरफुरतो. बफर रिकामा झाला की गाणे अडखळते, मध्येच ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून पुरेसा बफर हवाच. पण टाकी आणखी मोठी केली म्हणून पाणी गोड होत नाही. डिस्कवरून वाचलेला आकडा आणि रॅममध्ये आधीच भरून ठेवलेला आकडा एकच असतो. शिवाय ‘डिस्कवरून थेट’ वाजणारे गाणेही प्रत्यक्षात रॅममधूनच पुढे जाते. फरक एवढाच, की एकदा ते थोडेथोडे भरले जाते आणि एकदा सगळे एकदम.

ध्वनिमुद्रणात तर मोठा बफर अडचणीचा ठरतो. १,०२४ नोंदींच्या बफरमुळे सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो. स्वतःचा आवाज संगणकामार्फत हेडफोनवर ऐकत गाणाऱ्याला तो खटकू शकतो. त्यामुळे मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवतात. घरी नुसते ऐकताना या उशिराने काही बिघडत नाही.

आक्षेपांत तथ्य किती?

मेमरीच्या समर्थकांचे दोन मुद्दे विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला ‘जिटर’चा. आकडे बरोबर असले तरी ते लहरीत बदलले जाण्याची वेळ किंचित मागेपुढे होऊ शकते, असे ते म्हणतात. हे खरे आहे. पण ती वेळ ठरवते डॅकचे घड्याळ, डिस्क नव्हे. यूएसबीला जोडलेले आजचे बहुतेक डॅक तर स्वतःच्या गतीने संगणकाकडून माहिती मागवून घेतात. जपानमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगीतातील वेळेची ही अनियमित चूक काही शे नॅनोसेकंदांपर्यंत वाढल्याशिवाय तयार कानांच्या श्रोत्यांनाही ओळखता आली नाही. आजच्या बऱ्या उपकरणांत ही चूक सहसा एका नॅनोसेकंदाहूनही कमी असते.

दुसरा मुद्दा विजेच्या गोंगाटाचा. स्वस्त संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून कधीकधी चिरचिर ऐकू येते, माउस हलवला की ती बदलते. फिरणाऱ्या डिस्कची घरघर आणि पंख्याचा आवाजही खोलीत असतोच. हे त्रास खरे आहेत. पण गाणे रॅममध्ये भरले तरी प्रोसेसर, पडदा आणि वायफाय चालूच राहतात. यावर साधा उपाय म्हणजे बाहेरून जोडायचा डॅक आणि संगणक बसायच्या जागेपासून थोडा दूर.

लसीला लावतो तीच कसोटी

तरीही ‘मला तर स्पष्ट फरक जाणवतो’ असे अनेक जण सांगतात. ते खोटे बोलत नसतात. मेंदू कानाकडून आलेला संदेश जसाच्या तसा स्वीकारत नाही. त्यात अपेक्षा मिसळतो. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच वाइन दोन वेगळ्या किमती सांगून पाजण्यात आली. महाग सांगितलेली लोकांना अधिक आवडली आणि त्या वेळी मेंदूतील सुखाशी निगडित भागही अधिक सक्रिय दिसला. अनुभव खरा होता. त्याचे कारण मात्र पेल्यात नव्हते.

औषधांच्या बाबतीत हा धोका ओळखूनच ‘झाकलेल्या’ चाचण्यांची पद्धत रुजली. मांजरीतील सीरम इन्स्टिट्यूटच्या संकुलातून कोविशील्ड जगभर गेली. त्याआधी २०२० मध्ये भारतात १,६०० प्रौढांवर तिची चाचणी झाली, तीही याच तत्त्वाने. कोणाला काय टोचले, हे स्वयंसेवकांना आणि परिणाम नोंदवणाऱ्यांना कळू दिले नव्हते. कळले असते तर अंगदुखी आणि तापाच्या नोंदींत अपेक्षा मिसळली असती. प्रामाणिक माणसाच्याही नोंदीत ती मिसळते.

संगीताच्या बाबतीतही असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील बोस्टनच्या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले, यांची झाकून तुलना केली. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. पुढे २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षित श्रोत्यांचे त्याहून जास्त. म्हणजे फरक बारीक असला तरी झाकलेली चाचणी तो पकडू शकते. त्या प्रयोगांत मुळातले आकडे तरी बदललेले होते. बफर मोठा केल्याने एकही बिट बदलत नाही.

घरच्या घरी पडताळा

ज्यांना खात्री करायची आहे, त्यांना दोन माणसे आणि एक नाणे पुरे. ऐकणाऱ्याने संगणकाकडे पाठ करून बसावे. दुसऱ्याने प्रत्येक वेळी नाणे उडवून मेमरीची सोय चालू किंवा बंद ठेवावी आणि निकाल लिहून ठेवावा. तुकडा तोच असावा, दहा-पंधरा सेकंदांचा. कारण ऐकलेल्या स्वराचा ताजा ठसा मेंदूत काही सेकंदच टिकतो. कालच्या आवाजाची आजच्याशी तुलना त्यामुळेच फसवी ठरते. आवाजाची पातळीही तंतोतंत सारखी हवी, कारण किंचित मोठा आवाज मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो. असे दहा वेळा करावे. पाच उत्तरे नशिबानेही बरोबर येतात. नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची नशिबाची शक्यता मात्र शंभरात सुमारे एक.

जपायचे ते कान

खर्च आणि काळजी यांचा रोख खरे तर दुसरीकडे हवा. पुणे-सोलापूर रस्ता आणि पुणे-दौंड लोहमार्ग यांच्या लगतच्या वस्तीत रहदारीचा आवाज घरात येतच राहतो. गाण्यातल्या बारीक जागा त्याच्याखाली दबतात आणि माणूस नकळत हेडफोनचा आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही मर्यादा निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला जेमतेम चार तासांवर येते.

आंतरकर्णात आवाज टिपणाऱ्या केसपेशी प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार असतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातात त्या सहसा उंच स्वरांच्या, म्हणजे ज्या जवारीसाठी एवढा खटाटोप चालतो, तिच्या वरच्या छटा टिपणाऱ्या. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहणे, समोरच्याला पुन्हापुन्हा ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी करून घ्यावी. खिडकी लावून, आवाज दोन घरे कमी करून, मध्येमध्ये कानांना विश्रांती देत ऐकलेले गाणे कोणत्याही रॅमपेक्षा जास्त काळ गोड लागेल.