वीस टनांची कॉइल

देहू-आळंदी रस्त्यावर चिखलीच्या आसपास थोडा वेळ थांबलं, तर पत्र्याची कॉइल लादलेला एखादा ट्रेलर हमखास समोरून जातो. पोलादी पत्र्याची घट्ट गुंडाळी, खाली लाकडी गुटके, वरून आवळलेल्या साखळ्या. यातल्या मोठ्या कॉइलचं वजन २० टनांपर्यंत सहज जातं. कधी याच पत्र्यातून गाडीचा दरवाजा निघतो, तर कधी बॉनेट.

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. ट्रेलर सरळ, सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने चालला आहे. या क्षणी कॉइलला पुढे कोण ढकलतंय? कुणीच नाही. पृथ्वी तिला २० टनांच्या वजनाने खाली ओढते आणि ट्रेलरचा तळ किंचित दबून तेवढ्याच जोराने तिला वर उचलून धरतो. हिशेब मिटला, उरलेलं बल शून्य. कारखान्याच्या आवारात रात्रभर उभ्या असलेल्या कॉइलवरही बेरीज शून्यच येते. म्हणजे निसर्गाच्या लेखी उभी कॉइल आणि एका वेगाने धावणारी कॉइल यांत फरकच नाही! मला ही गोष्ट कितीही वेळा कळली तरी नवीच वाटते.

मग इंजिन डिझेल कशासाठी जाळतं? टायर, हवा आणि यंत्रातलं घर्षण गाडीला मागे खेचत असतात, तेवढंच फेडण्यासाठी. ४० टनांची भरलेली गाडी सपाट डांबरी रस्त्यावर चालती ठेवायला टायरांच्या विरोधापोटी साधारण तीनशे-चारशे किलो वजनाइतकं बल लागतं. ओझ्याच्या मानाने किती कमी! हा विरोध आपल्या जगात सगळीकडे असल्यामुळेच ढकलणं थांबलं की वस्तू थांबते, असं माणसाला हजारो वर्षं वाटत राहिलं. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून, घर्षण मनातून वजा करून पाहिलं: मग चालती वस्तू आपणहून थांबणारच नाही. न्यूटनने १६८७ साली या विचाराला गतीच्या पहिल्या नियमाचं रूप दिलं. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर चाललं आहे. त्याला पुढे रेटणारं कुठलंही इंजिन चालू नाही.

पण चिखलीच्या रस्त्यावर रिक्षा मध्येच वळते आणि ड्रायव्हरला ब्रेक मारावा लागतो. ट्रेलर चार सेकंदांत थांबतो. ब्रेक चाकांना लागतो, कॉइलला नाही. तिचा सेकंदाला १० मीटरचा वेग मोडायला तिला मागे खेचणारं ५० हजार न्यूटन, म्हणजे सुमारे ५ टन वजनाइतकं बल हवं. तळाच्या घर्षणावर एवढा भार सोपवायची हिंमत कुणी करत नाही. म्हणून गुटके आणि म्हणून साखळ्या. त्या कमी पडल्या तर कॉइल केबिनवर येते. आपण म्हणतो, ती पुढे फेकली गेली. खरं तर तिला कुणीच फेकलेलं नसतं. ती आपल्या वेगाने सरळ जात राहिली, तिच्याखालचा ट्रेलर तेवढा मागे राहिला. वळणावरही तेच: ट्रेलर वळतो, कॉइलचा कल सरळच जाण्याकडे असतो, तिलाही कुणीतरी ओढून वळवावं लागतं.

कॉइलचा पत्रा कापून प्रेस शॉपमध्ये पोचतो, तिथे आहे त्या गतीत राहण्याचा वस्तूचा हाच स्वभाव, म्हणजे जडत्व, कामाला लावलेला असतो. यांत्रिक पॉवर प्रेसच्या बाजूला मोठं जड फ्लायव्हील फिरत असतं. मोटर त्याला सावकाश वेग देते. एकसारखं फिरताना तीही फक्त घर्षण फेडत असते. क्लच लागतो, आकार देणारा साचा, म्हणजे डाय, खाली येते आणि पत्रा वाकवायला लागणारी बरीचशी ऊर्जा निमिषभरात चाकातून येते. एवढा दणका एकट्या मोटरने द्यायचा, तर ती कितीतरी पट मोठी घ्यावी लागली असती. स्ट्रोकनंतर चाक थोडं मंदावतं आणि पुढचा पत्रा डायवर सरकेपर्यंत मोटर त्याचा वेग भरून काढते.