बदल सुचवणे म्हणजे बदल करणे नव्हे

आयआयटी मुंबईच्या ‘वेब अँड कोडिंग क्लब’सारखे विद्यार्थी क्लब बऱ्याच प्रकल्पांचा कोड गिटहबवर (कोड ठेवण्याच्या ऑनलाइन मंचावर) खुला ठेवतात. खुला म्हटल्यावर अनेकांना वाटते, कोणीही येऊन प्रकल्प बिघडवू शकेल. तसे होत नाही.

मूळ फायली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या भांडारात) असतो. बाहेरचा माणूस आधी फोर्क (स्वतःच्या खात्यात संपूर्ण प्रत) घेतो, त्या प्रतीत दुरुस्ती करतो आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवतो. लग्नपत्रिकेच्या प्रुफावर मामा-काकांनी पेनाने खुणा केल्या, तरी घरच्या कर्त्या माणसाने होकार दिल्याशिवाय छपाई होत नाही, तसेच हे. क्लबचे देखभाल करणारे विद्यार्थी बदल ओळ न् ओळ वाचतात, शंका विचारतात, कधी नाकारतातही. नकार हा अपमान नसतो, हे नवख्यांना जरा उशिराच पटते. स्वीकारलेला बदलही मागे घेता येतो, कारण गिटहब ज्यावर चालते ते गिट (बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली), जे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या संचालन प्रणालीच्या विकासासाठी लिहिले, प्रत्येक नोंदलेली आवृत्ती जपून ठेवते.

प्रोग्रामिंग यायलाच हवे, हा दुसरा गैरसमज. चुकलेले शुद्धलेखन, तुटलेला दुवा, अपुऱ्या सूचना दुरुस्त करणे हेही योगदानच. माळशेज घाटाच्या अलीकडच्या वैशाखरे गावातल्या विद्यार्थ्यालाही त्यासाठी लॅपटॉप लागेलच असे नाही. मजकुराची छोटी दुरुस्ती मोबाइलच्या ब्राउझरमधूनही पाठवता येते. मात्र आधी प्रकल्पातली ‘रीडमी’ (प्रकल्पाची ओळख आणि सूचना देणारी) फाइल वाचा.